पाच इंची पंचनामा

भिंतीवर टांगलेल्या चपट्या टीव्हीतून मालिकेतील सासूचे शब्द ऐकू येत नाहीत, मात्र तिच्या आगमनाची वर्दी देणारा ढोल तिसऱ्या घरापर्यंत बिनचूक पोहोचतो, ही फिर्याद हल्ली महाराष्ट्रातील बहुतेक सेवानिवृत्त कुटुंबांत रोज सायंकाळी सात ते साडेदहा या मुदतीत गुदरली जाते, आणि आमचे चांदवड नुसते तालुक्याचे ठिकाण असले तरी या बाबतीत जिल्ह्याच्या मागे नाही. टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतशी त्यातल्या स्पीकरला राहायला जागा उरेना, म्हणून कारखानदारांनी त्याला कधी खालच्या कडेला तर कधी पाठीमागे ढकलले. परिणामी मालिकेतील प्रत्येक वाक्य प्रथम भिंतीला सांगितले जाते आणि भिंतीच्या मर्जीप्रमाणे जे काही उरेल ते प्रेक्षकांच्या पदरात पडते.

"अहो, ती काय म्हणाली?" आमच्या सौभाग्यवती विचारतात.

"कोण?"

"तीच. जिचं ऐकू आलं नाही ती."

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाला एकदा फिर्याद दाखल झाली की तिचा निकाल लागेपर्यंत अन्न गोड लागत नाही. बाजारात अशा व्याधीवर साउंडबार नावाचा उतारा मिळतो खरा, परंतु त्याची किंमत ऐकल्यावर मला सासूचे म्हणणे ऐकण्याची निकड एकाएकी कमी झाल्यासारखी वाटू लागली. अशा पेचाच्या वेळी मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने फोनवरून सल्ला दिला, "काका, स्वस्तातला फुल-रेंज ड्रायव्हर, म्हणजे सुटा स्पीकर घ्या, त्याला घरीच खोकं करा, आणि मग ऐका!" पुढे लग्नसराईत तो गावी आला तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग असे नाव असलेल्या परंतु त्या नावाने कोणी कोणाला पत्ता न सांगणाऱ्या त्या रस्त्यावरून, दर नगास ४०० रुपये मोजून असे दोन ड्रायव्हर घेऊन आला, आणि अहेराच्या साड्यांच्या घडीतून ते बाहेर काढून माझ्या हवाली करून, जबाबदारीतून मोकळा झाला.

फुल-रेंज म्हणजे काय, हे पटवून देण्यासाठी त्याने आकृत्या काढल्या. परंतु मला ते उमगले ते कचेरीच्या अनुभवावरून. मोठ्या ध्वनिसंचात कामाची रीतसर वाटणी असते : खर्जाला वूफर, तारस्वराला ट्विटर, आणि या उभयतांची हद्द आखून देणारे क्रॉसओव्हर नावाचे कॉईल-कंडेन्सरांचे खाते. ही हद्द पुष्कळदा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास पडते, आणि दुर्दैव असे की माणसाच्या बोलण्यातली ज्यांच्यावाचून शब्द ओळखता येत नाही ती व्यंजनेही त्याच शिवारात राहत असल्यामुळे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ती कधीकधी रेंगाळतात. फुल-रेंज हा आडवळणाच्या कचेरीतला एकटा कारकून होय. आवक तोच घेतो, जावक तोच करतो, शिक्के तोच मारतो आणि साहेब दौऱ्यावर आले की चहाही तोच सांगतो; डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी त्यानेच मागेपुढे हेलकावायचे आणि त्याच क्षणी टाळाच्या किणकिणीसाठी त्यानेच थरथरायचे. त्याच्या हातून एकही काम परिपूर्ण होत नाही, परंतु कागद दुसऱ्या टेबलावर गहाळ झाला अशी सबबही त्याला सांगता येत नाही. अशा इसमाविषयी मला उपजतच आत्मीयता वाटली, आणि त्याची नेमणूक कायम करण्यापूर्वी त्याची यथासांग चौकशी करण्याचे मी ठरवले.

चौकशीचा विषय असलेला ऐवज येणेप्रमाणे : पाच इंची पत्र्याची चौकट, तीत राखी कागदाचा कोन, त्या कोनाच्या पोटात, तारस्वरांना हातभार लावण्यासाठी चिकटवलेला, व्हिझर या नावाचा दुसरा चिमुकला कोन, कडेला सुरकुत्या पाडलेल्या कापडाची झालर, पाठीमागे काळा फेराइट मॅग्नेट, आणि कोनापासून टर्मिनलपर्यंत झोल देऊन सोडलेल्या दोन वेणीदार तारा, ज्यांपैकी एकीवर सरसाचा ओघळ सुकलेला होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये कागदी कोनाचा आणि हलत्या कॉईलचा जो स्पीकर जगापुढे मांडला त्याच्यात आणि माझ्या टेबलावरील या ऐवजात तत्त्वतः काही फरक नाही. शंभर वर्षांत विमाने बदलली, राज्ये बदलली, टेलिफोन खिशात आले, पण कागद हलवून हवा हलवण्याच्या या युक्तीला सबळ पर्याय कोणाला सुचला नाही. मला यात कागदाचा विजय दिसला आणि, खात्याचा माणूस असल्यामुळे, थोडा अभिमानही वाटला.

खोक्यात एक छापील पत्रक होते आणि ते लिहिणारा गृहस्थ मोठा उदार असला पाहिजे. '३० ते २०,००० हर्ट्झ' असे त्याने ड्रायव्हरच्या पल्ल्याविषयी लिहिले होते, मात्र या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो याचा उल्लेख खुबीने टाळला होता. तो टाळला की कोणताही स्पीकर कोणत्याही स्वरापर्यंत पोहोचतो. फक्त तो पोहोचल्याचे कोणाला कळत नाही, इतकेच. ताकदीच्या रकान्यात '१०० वॅट' होते. ज्या काळी भिंतीतल्या प्लगमधून जेमतेम २०-२५ वॅट ओढणाऱ्या टेपरेकॉर्डरच्या पोटावर '१,००० वॅट पी. एम. पी. ओ.' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असे तो काळ मी पाहिलेला असल्याने, मला हा आकडा उलट विनयशील वाटला. १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल, असा आणखी एक दावा होता. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा दाव्यावर विश्वास ठेवावा तर हा इसम पहिल्याच वॅटला अपराधी ठरत होता, आणि न ठेवावा तर कारखानदार.

सुदैवाने परीक्षेच्या कामाला आमचे गाव परके नाही. होळकरांच्या अमलात येथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया दूरदूरच्या पेठांत चाले, आणि तो हाती घेणारा सराफ त्यावरचा मजकूर वाचण्याच्या भानगडीत न पडता तो दगडावर टाकून त्याचा आवाज ऐके. म्हणजे छापील दाव्यापेक्षा कानावर भिस्त ठेवण्याचा प्रघात होळकरांच्या रंगमहालाच्या या परिसरात दोनशे वर्षांहून जुना आहे. त्या परंपरेला जागून मी एक जाड रजिस्टर उघडले, त्याला रकाने पाडले, शेवटचा रकाना शेरा म्हणून मोकळा सोडला, आणि पहिल्या पानावर ऐवजाचे वर्णन लिहून खाली स्वतःचीच सही घेतली.

पहिली कसोटी दीड व्होल्टच्या सेलची. सेलची दोन टोके टर्मिनलांना लावायची. कोन 'टक्' करून पुढे आला तर ज्या टर्मिनलला सेलचे अधिक टोक लागले आहे तेच अधिक, मागे गेला तर उलट. घरात पेन्सिल सेल शोधता तो भिंतीवरच्या घड्याळातच सापडला. कसोटी उत्तम पार पडली, दोन्ही ड्रायव्हर पुढे आले, आणि त्या आनंदात सेल माझ्या खिशातच राहिल्यामुळे घड्याळ चार दहावर थांबले, नळ आपल्या वेळेवर आला, आपल्या वेळेवर गेला, आणि रात्री आम्ही शेजाऱ्यांकडून दोन कळशा पाणी उसने आणले. रजिस्टरात मी 'ध्रुवता : समाधानकारक' असे लिहिले. सौभाग्यवतींचा शेरा त्या रकान्यात मावण्याजोगा नव्हता.

नंतर रोध. पत्रकावर ८ ओहम लिहिलेले, आणि माझा पिवळा मल्टीमीटर दाखवतो ६.८! मापात पाप सापडले की कारकुनाला जो हर्ष होतो तो वर्णन करण्याच्या पलीकडचा आहे. मी तातडीने आमच्या आळीतल्या इलेक्ट्रिशियनला गाठून हा गैरव्यवहार त्याच्या निदर्शनास आणला. त्याने पक्कड बाजूला ठेवली.

"भाऊसाहेब, आठ ओहम हा वाजत असतानाचा. तुम्ही मोजला तो नुसत्या तारेचा. आठवाल्याची तार साडेसहा-सातच भरते."

"मग पत्रकात तसं लिहायला काय हरकत होती?"

"लिहिलं असतं तर तुम्ही आला असता का?"

तिसरी कसोटी अनुनादाची, आणि खरी मेख तेथेच होती. कोन मोकळ्या हवेत ज्या कंपनसंख्येला सर्वांत सहज डोलतो तिच्या खाली त्याच्याकडून खर्जाची फारशी अपेक्षा ठेवायची नसते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरीच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हा आकडा व त्याच्यासोबतचे आणखी काही आकडे यांच्यावरून पेटी किती लिटरची करावी याचे गणितच बांधून दिले, तेव्हापासून पेटीचा आकार सुताराच्या लहरीवर अवलंबून राहिलेला नाही; निदान जेथे ते आकडे पत्रकात छापतात तेथे तरी नाही. आमच्या पत्रकात त्या रकान्यांपैकी एकात ६५ हर्ट्झ होते आणि इतरांत आडव्या रेघा, म्हणजे आमच्या खात्याच्या परिभाषेत 'निरंक'. मी मोबाईलवर सूर काढणारे अॅप घेतले, अॅम्प्लिफायरपुढे १,००० ओहमचा रेझिस्टर जोडला, त्यापुढे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरवरचा दाब मोजायला पिवळा मीटर. दाब जेथे सर्वाधिक तेथे अनुनाद, इतके ते सोपे होते. परंतु त्या पिवळ्या जातीच्या मीटरचा ए.सी.चा सर्वांत खालचा टप्पा २०० व्होल्टचा असतो आणि माझा दाब काही मिलिव्होल्टचा. त्यामुळे खर्जापासून तारेपर्यंत सारे सप्तक मी ओलांडले तरी मीटर शांतपणे शून्यावर बसून राहिला. शेवटी इलेक्ट्रिशियनचा चांगला मीटर चहाच्या बोलीवर आणला, आणि आकडा चढत चढत ११२ हर्ट्झला शिखरावर पोहोचून उतरू लागला. ६५ छापलेले, ११२ निघालेले! ३० हर्ट्झच्या दाव्याविषयी मी रजिस्टरात 'कविकल्पना' असा शेरा मारला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"काका, नवा आहे तो, अजून आखडलेला असेल," पुतण्या फोनवर म्हणाला. "झालर आणि कोन मधोमध धरणारा स्पायडर जरा सैल होऊ द्या. पिंक नॉईज लावून रात्रंदिवस वाजवा. आकडा उतरेल."

पिंक नॉईज म्हणजे सर्व स्वरांचा असा काही मिसळलेला गोंगाट की जो ऐकताच कोणालाही पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचीच आठवण व्हावी. घरच्यांना त्रास नको म्हणून मी दोन्ही ड्रायव्हर समोरासमोर तोंडे करून, एकाच्या तारा उलट जोडून, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याने खोडावा अशी तजवीज करून, माळ्यावरच्या गाद्यांत ठेवले आणि दुपारच्या झोपेला गेलो. खोडण्याचे काम खर्जापुरते ठीक झाले असावे. पाऊस मात्र खाली उतरला. वैशाखातल्या चांदवडात, जेथे जूनमध्येसुद्धा आकाशाकडे पाहून मान अवघडते, भर दुपारी पावसाचा आवाज येणे ही काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. सौभाग्यवती गच्चीवर धावल्या आणि त्यांनी अर्धवट वाळलेल्या कुरडया धोतरासकट गुंडाळून खाली आणल्या. त्यांची धावपळ पाहून शेजारच्या काकूंनी आपले पापड उचलले. आणि त्यांचे पापड उचललेले पाहून पलीकडच्या वाड्यातील मंडळींनी, आवाज वगैरे काहीही ऐकू आलेला नसताना, सांडग्यांची परात आत घेतली. मग सर्वजण आपापल्या दारात उभे राहून निरभ्र आकाशाकडे पाहत राहिले. त्या दिवशीच्या कुरडयांचा एकच अखंड गोळा झाला. अनुनाद ११२ वरून १०९ वर आला.

आता पेटी. आमच्या तरुणपणी ट्रान्झिस्टरमधला सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा ठेवून त्याच्या आवाजाला पोक्तपणा आणण्याची विद्या वसतिगृहांतून सर्रास चाले, आणि तिला वडीलधारी मंडळी माठाची नासाडी म्हणत. पुढे वाचनात आले की अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये एकच स्पीकर नाना आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमाप केले, तेव्हा पेटीच्या तीक्ष्ण कडांवर ध्वनी ठेचकाळतो आणि त्याचे चढउतार होतात असे आढळून आले, आणि सर्वांत सुरळीत निकाल लागला तो गोलाचा. म्हणजे कुंभाराला जे चाकावर साधले होते ते ओल्सन यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले. सुताराची पेटी बाद ठरवून मी माठाच्या खरेदीस निघालो.

येथे एक शास्त्रीय अडचण होती. पिण्याच्या पाण्याचा माठ घेताना आपण त्यावर बोटाचे पेर मारतो, आणि तो टणटणीत वाजला की पक्का भाजलेला म्हणून पसंत करतो; परंतु स्पीकरच्या पेटीने स्वतःचा स्वर काढावा हे मोठेच वैगुण्य होय, कारण मग गवई कोणताही राग गावो, माठ आपलाच षड्ज धरून बसतो. मला पाहिजे होता बद्द माठ. कुंभाराच्या दुकानात मी एकेक माठ वाजवीत चाललो आणि जो टणकन वाजे तो नापसंतीने मान हलवून बाजूला सारू लागलो, तेव्हा प्रथम त्या म्हाताऱ्याने विडी विझवली, मग चष्मा लावला.

"भाऊसाहेब, ह्यात काय खोट हाय?"

"फार चांगला वाजतो."

"मंग?"

"मला वाईट वाजणारा पाहिजे."

म्हातारा काही वेळ माझ्याकडे आणि काही वेळ रस्त्याकडे, बहुधा माझ्याबरोबर कोणी आले आहे काय हे पाहत, थांबला. "गिऱ्हाईक वाजवून चांगला नेतं," तो अखेर सावकाश म्हणाला, "वाजवून वाईट नेणारं आज पाह्यलं." मागच्या बाजूला, फुटक्या मडक्यांच्या राशीपाशी, ज्याच्या पोटात भाजताना बारीक चीर गेली होती असा एक थोराड माठ पडलेला होता. त्यावर पेर मारले तर 'भद्' असा, उशीवर बुक्की मारल्याचा आवाज आला. मी हरखून गेलो. किंमत विचारली तर म्हातारा म्हणाला, "घेऊन जा, त्याचं काय घ्यायचं!" आणि माझ्या हातात माठ देताना त्याने तो जरा जास्तच सांभाळून दिला, म्हणजे माठाला नव्हे, मला.

माठाच्या तोंडावर बसवायला प्लायवूडचे कडे सुताराकडून कापून घेतले. आत जुन्या उशीतला कापूस भरला. चीर एम-सीलने बुजवली. कडे आणि माठ यांच्यामधली फट मात्र त्या रात्री घाईने मळलेल्या कणकेने बुजवली, कारण बंद पेटीतून हवा निसटली की खर्जही तिच्याबरोबर जातो आणि सकाळपर्यंत धीर धरवत नव्हता. सकाळी पाहतो तो माठाला आतून-बाहेरून मुंग्या लागलेल्या. काही मुंग्या कोनावर होत्या. मी अॅम्प्लिफायर लावून एक तबल्याची ध्वनिफीत वाजवली, तेव्हा विलंबित असेतोवर त्या जागच्या हलल्या नाहीत. द्रुत सुरू झाल्यावर मात्र रांगेने उतरून गेल्या. संगीताच्या जाणकारांपैकी इतके प्रामाणिक श्रोते मी थोडे पाहिले आहेत.

तारस्वराच्या कसोटीत एक नाजूक प्रसंग ओढवला. अॅपवरचा सूर मी हळूहळू चढवीत नेला आणि ११,००० हर्ट्झच्या पुढे ड्रायव्हर संपूर्ण गप्प झाल्याचे पाहून रजिस्टरात तशी नोंद करणार, एवढ्यात सुट्टीला आलेली आठ वर्षांची नात दोन्ही कानांवर हात ठेवून आतून ओरडत आली.

"आबा, बंद करा ना ते! कान दुखतायत!"

"अगं, ते बंदच आहे."

"किती जोरात वाजतंय!"

मी सूर १३,००० केला, ती पळाली. १५,००० केला, अंगणातला कुत्रा उठून उभा राहिला. वाढत्या वयात वरचे स्वर एकेक करून कानांतून रजा घेतात हे मी वाचलेले होते, पण माझ्या रजेचा अर्ज माझ्या परस्पर मंजूर झालेला असेल अशी कल्पना नव्हती. नोंद अशी केली : '११,००० च्या वरील कामकाज चौकशी अधिकाऱ्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर. नात व कुत्रा यांचे जबाब सोबत जोडले आहेत.'

अखेर पंचांसमक्ष श्रवण. पंच म्हणून निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, कांद्याचे व्यापारी असलेले शेजारचे शेठ, आणि नाशिकहून आलेले आमचे मेहुणे यांना पाचारण केले. मेहुण्यांकडे घरभर स्पीकर आहेत. त्यांच्याकडे सिनेमा पाहताना पाठीमागून गोळी सुटली की चहा सांडतो. मी 'गीतरामायण' लावले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले तेव्हा ज्या ज्या घरात ते ऐकले गेले त्या त्या घरात एक लाकडी रेडिओ आणि त्यात एकच स्पीकर होता. मीडियम वेव्हवरून पाचएक हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही येतच नसे, तरी बायका रेडिओला हार घालून ऐकायला बसत. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा, आवाज त्या माठातून असा निघाला की मला डोळे मिटावेसे वाटले. उघडून पाहतो तो मेहुणे मोबाईल पाहत होते.

"दाजी, सगळं ठीक आहे हो, पण बास नाही."

"उच्चार स्वच्छ आहेत," गुरुजी म्हणाले. मी खुलतो आहे तोच त्यांनी पुढे जोडले, "मघाच्या निवेदिकेने मात्र 'ण'चा 'न' केला. पूर्वीच्या स्पीकरमध्ये असं चालत नसे." आणि त्यांनी ती चूक स्पीकरच्या नावावर मांडली.

शेठजींनी आवाजाविषयी अद्याप मत दिलेले नव्हते. त्यांनी फक्त माठ केवढ्याला पडला एवढे विचारून ठेवले होते. आता, हलक्या आवाजात मानवी कान खर्जाकडे दुर्लक्ष करतो आणि आवाज वाढवला की तोच खर्ज भरून येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मांडून ठेवलेले आहे. मी ते स्मरून, "जरा थांबा, परदेशी तार जोडतो," असे म्हणून पडद्यामागे गेलो, तेथे दोनदा खाकरलो, कशालाही हात लावला नाही, आणि परत येताना अॅम्प्लिफायरची कळ सहज म्हणून किंचित पुढे सरकवली. तेच गाणे, तोच माठ.

"हां!" मेहुणे सरसावून बसले. "आता आला बास! तारेचा फरक पडतो, दाजी. मी म्हणत होतोच."

"स्वरांत आता भारदस्तपणा आला," गुरुजींनी मान्य केले.

शेठजी हसले. "भाऊसाहेब, मार्केट यार्डात उभा जन्म गेला. काट्यावर बोट ठेवलं की मला न बघता कळतं. कळ मागं घ्या."

पंचनाम्यावर तिघांच्या सह्या झाल्या, तरी तिघांचे जबाब एकमेकांशी जुळेनात. म्हणून मी निकाल राखून ठेवला आणि मूळ फिर्यादीकडे वळून माठ टीव्हीला जोडला. सौभाग्यवती समोर बसल्या. सासूचे प्रत्येक अक्षर, त्यातील 'ष' आणि 'श' यांच्या भेदासह, खोलीभर ऐकू येऊ लागले. अर्धा भाग त्यांनी एकाग्रतेने ऐकला.

"इतके दिवस हेच बोलत होती होय ती?"

"हेच."

"मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं बोलत असेल."

तथापि एक माठ दिसायला विचित्र दिसतो, जोडी असली तर शोभा येते, शिवाय स्टिरिओ हवाच, असा हुकूम घरातून सुटला आणि मेहुण्यांनी त्याला दुजोरा दिला. मी पुन्हा कुंभाराकडे गेलो. या खेपेस दुकानाची मांडणी बदललेली होती : डाव्या हाताला टणटणीत माठांची नेहमीची रांग, आणि उजव्या हाताला, खाली स्वच्छ पोते अंथरून, निवडक चिरलेले, तडकलेले, अर्धकच्चे असे काही माठ स्वतंत्र मांडलेले. गावात वार्ता पोहोचायला लाऊडस्पीकर लागत नाही.

"हे पाण्याचे, दीडशेला," म्हातारा म्हणाला. "हे स्पीकरचे, अडीचशेला."

"अहो, मागे तर तुम्ही फुकट दिला होता!"

"तवा त्यो फुटका व्हता, भाऊसाहेब. आता त्याला गिऱ्हाईक हाय."

मी एकेक माठ वाजवीत चाललो. तिसऱ्याचा आवाज चांगला भद्द होता, पण घासाघीस केल्याखेरीज अडीचशे मोजणे माझ्या स्वभावात नव्हते, म्हणून मी पुन्हा पेर मारले, कान लावला, आणि कपाळाला आठी घालून म्हणालो, "हा थोडा टणटणतो आहे."

म्हाताऱ्याने माठ माझ्या हातून घेतला, स्वतः वाजवला, आणि काही वेळ विचार करून खेदाने मान हलवली.

"हाय खरा जरा खणखणीत," तो म्हणाला. "पंचवीस रुपये कमी द्या."